पहिली आरिया ऐकताय? मग आधी हे वाचा

मी मूळची सांगलीची, गेली सात वर्षं व्हिएन्नात, नोकरी सॉफ्टवेअर टेस्टिंगची. गाण्याचं शिक्षण म्हणाल तर शाळेत असताना दोन वर्षं पेटी शिकले आणि तीही सोडली. हे आधीच सांगून टाकते कारण ऑपेरा म्हटलं की लोकांना वाटतं त्याला काहीतरी वेगळं शिक्षण लागतं, सूटबूट लागतो, पैसा लागतो. माझ्याकडे यातलं काहीच नव्हतं आणि तरी एका रविवारी सकाळी तीन-साडेतीन मिनिटांच्या एका आरियाने (ऑपेरातलं एकट्याचं गाणं) मला स्वयंपाकघरात खाली बसवलं, ओट्यावर भिजवून ठेवलेल्या पोह्यांचा लगदा झाला तरी उठवलं नाही.

पण तिथवर पोचायला मला दीड वर्ष लागलं, कारण सुरुवात सगळी चुकीची. पहिला प्रयत्न म्हणजे यूट्यूबवर 'बेस्ट ऑफ ऑपेरा' छापाचा दोन तासांचा व्हिडिओ लावून भांडी घासणे. वीस मिनिटांत डोकं चढलं. दुसरा प्रयत्न, उभं राहायचं तिकीट स्वस्तात मिळतंय म्हणून थेट वाग्नर या जर्मन संगीतकाराच्या लांबलचक ऑपेराला गेले, पहिल्या अंकातच पाय गेले, मध्यंतरात घरी. तिसऱ्या वेळी इटालियन संगीतकार पुच्चिनीचा 'तोस्का'. तिथे समोरच्या छोट्या स्क्रीनवर भाषांतर येतं ते वाचण्यात मी इतकी गुंतले की जिच्यासाठी निम्मं थिएटर आलेलं असतं ती आरिया सुरू कधी झाली नि संपली कधी पत्ताच नाही, टाळ्या पडल्या तेव्हा मान वर केली.

तर तुमचं दीड वर्ष वाचावं म्हणून हा खटाटोप. खाली मी एकच आरिया घेऊन सगळं सांगणार आहे, 'तोस्का'मधली 'विस्सी दार्ते'. ती एक नीट ऐकता आली की बाकीच्यांना हीच पद्धत लागू पडते.

काय काय लागेल

- हेडफोन. महाग नकोत पण कानावर नीट बसणारे हवेत. मोबाईलच्या स्पीकरवर ऑर्केस्ट्राचा खालचा अर्धा भाग गायब होतो आणि उरतो तो फक्त बाईंचा आवाज, मग ते किंचाळणंच वाटणार.
- आरियाचे शब्द आणि त्याचं भाषांतर. ऑपेराच्या संहितेला लिब्रेटो म्हणतात, नेटवर फुकट मिळतात.
- वही-पेन. हसू नका, पुढे कळेल.
- एक ठरलेलं रेकॉर्डिंग. दहा नाही.
- सलग अर्धा तास, दार लावून. घरात कोणी 'काय गं हे लावलंयस' म्हणणारं नको.

## १. आधी एकच आरिया निवडा

आरिया म्हणजे ऑपेरातलं एकट्याचं गाणं. आपल्या संगीत नाटकात गद्य थांबतं आणि पद सुरू होतं ना, साधारण तसंच. फरक एवढाच की ऑपेरात बहुतेक वेळा मधला संवादही गाऊनच असतो, त्यामुळे नवख्या माणसाला कळत नाही की आता बोलणं चाललंय की गाणं.

आरियात नाटकाचं घड्याळ थांबतं. बाहेरच्या जगात एक क्षण गेलेला असतो आणि त्या एका क्षणात त्या माणसाच्या आत काय चाललंय ते तीन-चार मिनिटं आपण ऐकतो. म्हणून आरियांचा 'कलेक्शन' ऐकणं हा सगळ्यात मोठा ट्रॅप आहे. वीस वेगवेगळ्या माणसांच्या आयुष्यातले वीस सर्वांत वाईट क्षण एकामागोमाग, तेही कोण कोणाचं ते माहीत नसताना, कोणाचंही डोकं दुखेल.

## २. गोष्ट वाचा, पण आरियाच्या आदल्या मिनिटापर्यंतच

'तोस्का'चा पहिला प्रयोग १४ जानेवारी १९०० ला रोममध्ये झाला, तेआत्रो कोस्तान्झीमध्ये. गोष्टही रोममधलीच, जून १८०० मधली, साधारण एका दिवसात घडणारी. नेपोलियन इटलीत लढतोय, रोममध्ये जुन्या राजवटीची माणसं आहेत आणि त्यांचा पोलीसप्रमुख आहे बॅरन स्कार्पिया. तोस्का ही गाजलेली गायिका. तिचा प्रियकर मारियो काव्हारादोस्सी चित्रकार आहे आणि त्याने पळालेल्या एका राजकीय कैद्याला लपवलंय.

आता दुसरा अंक. फार्नेझे राजवाड्यातली स्कार्पियाची खोली, तो जेवायला बसलाय. तोस्काला बोलावून घेतलंय. बाजूच्या खोलीत मारियोचा छळ चाललाय आणि त्याच्या किंकाळ्या तिला ऐकू येतात, शेवटी तिला राहवत नाही आणि कैदी कुठे लपलाय ते ती सांगून टाकते. बागेतल्या विहिरीत. मारियोला कळल्यावर तो तिच्यावरच चिडतो. तेवढ्यात बातमी येते की मारेंगोची लढाई नेपोलियनने जिंकली, मारियो आनंदाने ओरडतो आणि त्यालाच फाशीला न्यायचा हुकूम होतो. मग स्कार्पिया आपली किंमत सांगतो. पैसे नकोत, तू हवीस. बाहेर ढोल वाजायला लागतात, तो म्हणतो ऐक, कैद्यांना घेऊन निघालेत, तिकडे फाशीचा खांब उभा राहतोय, तुझ्या मारियोचा एक तास उरलाय.

इथे थांबा. पुढचं अजून वाचू नका. हिच्यासमोर आता दोनच वाटा आहेत नि दोन्ही घाण आहेत, आणि खोलीत तो माणूस आहे आणि वर देव आहे. ती स्कार्पियाशी बोलत नाही. देवाशी बोलते.

हे माहीत नसताना आरिया ऐकली तर ती 'छान, दुःखी, इटालियन' एवढीच वाटते. मला कितीतरी महिने तशीच वाटत होती.

## ३. शब्द देवनागरीत लिहून काढा

वही यासाठी. इटालियन भाषा देवनागरीत लिहायला फार सोपी, जसं लिहितात जवळपास तसंच बोलतात, आणि त्यांचे त आणि द आपल्यासारखेच दाताला जीभ लावून येतात, इंग्रजीतल्या ट-ड सारखे नाहीत. जोडाक्षरंही आपल्यासारखी ठासून. म्हणजे मराठी माणसाला इथे फुकटचा फायदा आहे, तो घ्या.

पहिली ओळ: विस्सी दार्ते, विस्सी दामोरे. कलेसाठी जगले, प्रेमासाठी जगले.

पुढे ती काय म्हणते ते मी माझ्या मराठीत सांगते. कधी कुठल्या जिवाला दुखावलं नाही. जिथे दुःख दिसलं तिथे गुपचूप हाताने मदत केली. नेहमी खऱ्या श्रद्धेने प्रार्थना केली, नेहमी खऱ्या श्रद्धेने वेदीवर फुलं वाहिली. मग या दुःखाच्या घडीला का, का रे देवा, मला असं फळ का देतोस? मदोन्नाच्या, म्हणजे येशूच्या आईच्या, वस्त्राला दागिने दिले. माझं गाणं ताऱ्यांना दिलं, आकाशाला दिलं. मग का?

'का' ला इटालियनमध्ये 'पेर्के'. हा शब्द वहीत मोठ्या अक्षरात लिहा. नेल्लोरा देल दोलोरे, पेर्के, पेर्के, सिन्योरे. सिन्योरे म्हणजे प्रभू.

मी हे लिहून काढलं ते बाबा गेल्यानंतरच्या वर्षी. लिहिता लिहिता हात थांबला, कारण ही यादी मी ऐकली होती. बाबांच्या आजारपणात आई रात्री हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमधून फोन करायची आणि मोजून दाखवायची, सोळा सोमवार झाले, गणपतीला दर मंगळवारी दुर्वा, कोल्हापूरला अंबाबाईची ओटी दोनदा भरली, कामवाल्या मावशींच्या मुलीची फी भरली ते तर कुणाला सांगितलंही नाही. आणि मग गप्प व्हायची. 'पेर्के' ती म्हणाली नाही, तेवढाच फरक. गुपचूप केलेली मदत आणि देवीला दिलेले दागिने, हे रोममधल्या बाईच्या तोंडी वाचून मला एकदम आपल्या घरातलंच कोणीतरी बोलतंय असं झालं.

आणि देवाला जाब विचारणं हे आपल्याला काही नवीन नाही. जनाबाई विठ्ठलाला काय काय बोलली आहे ते आठवा. त्यामुळे ही आरिया 'परकी' आहे ही भीती सोडा, मराठी माणूस या जागेवर आधीच उभा असतो, फक्त भाषा वेगळी.

## ४. कानाची सवय: तीन गोष्टी खटकणार

नवख्या मराठी कानाला तीन गोष्टी हमखास खटकतात, त्या आधीच माहीत असल्या तर बरं.

पहिली, आवाज सतत थरथरतो. याला व्हिब्रॅटो म्हणतात, सेकंदाला साधारण पाच ते सात वेळा सूर बारीक वरखाली होतो. आपल्याकडे सूर स्थिर लावणं म्हणजे साधना, त्यामुळे पहिल्यांदा वाटतं हिचा सूर हलतोय. हलत नाहीये, तो तसाच लावायचा असतो. चार-पाच दिवसांत कान बसतो.

दुसरी, 'एवढं ओरडते कशाला'. कारण माईक नाही. समोर साठ-सत्तर माणसांचा ऑर्केस्ट्रा, त्यापलीकडे दीड-दोन हजार प्रेक्षक, आणि अलीकडे एकटा गळा. ही नुसती ताकद नसते हं, ऑर्केस्ट्राचा जोर साधारण पाचशे हर्ट्झच्या आसपास जास्त असतो, आणि शिकलेला गायक गळ्याची ठेवण अशी करतो की आवाजात तीन हजार हर्ट्झच्या आसपास एक धार येते. ऑर्केस्ट्रा तिथे क्षीण असतो, म्हणून आवाज वरून निसटून येतो. पुरुषांच्या आवाजात हे जास्त ठळक दिसतं. सोप्रानो म्हणजे बायकांच्या सर्वांत उंच आवाजाची गोष्ट थोडी निराळी, तिथे सूरच इतका वर असतो की त्याला वाट मिळते.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची, तंबोरा शोधू नका. आपलं गाणं एका 'सा' वर उभं असतं, जमीन पक्की आणि गायक फिरतो. इथे जमीनच सरकते. गायिका एकाच सुरावर उभी असेल आणि खाली ऑर्केस्ट्राने स्वरमेळ (एकदम वाजणारे सूर) बदलला तर तोच सूर आधी सुखाचा वाटतो नि मग तोच बोचतो. म्हणजे अर्धं गाणं ऑर्केस्ट्रात आहे. फक्त गळ्याकडे कान लावला तर अर्धीच आरिया ऐकली असं समजा. माझं पहिलं वर्ष त्यातच गेलं.

## ५. आता ऐका, आणि कुठे काय होतं ते बघा

रेकॉर्डिंग म्हणून मी मारिया कॅलासचंच सांगेन, १९५३ चं, मिलानच्या ला स्काला ऑपेरा हाऊसच्या ऑर्केस्ट्रासोबत, कंडक्टर व्हिक्टर दे साबाता. मोनो आहे, जुनं आहे, पण शब्द असे सांगणारी दुसरी बाई मला अजून सापडली नाही. (यावर भांडायला लोक तयार असतात. खुशाल भांडा.)

आरिया सुरू व्हायच्या पाचेक मिनिटं आधीपासून लावा, म्हणजे ढोल ऐकू येतील. थेट आरियावर उडी मारू नका.

पहिली ओळ. 'विस्सी दार्ते' ती ओरडून सुरू करत नाही, अगदी हळू, आणि चाल वरून खाली येते, जिन्याच्या पायऱ्या उतरल्यासारखी. खाली ऑर्केस्ट्राही तिच्याबरोबर पायरी पायरी उतरतो. एवढा आरडाओरडा, छळ, ढोल झाल्यावर एकदम हे. पहिल्यांदा तर मी आवाज वाढवला होता, म्हटलं हेडफोन गेले की काय.

मग 'सेम्प्रे कोन फे सिंचेरा', नेहमी खऱ्या श्रद्धेने, ही ओळ येते. इथे काळवंडलेला मायनर, म्हणजे उदास वाटणारा स्वरमेळ सरतो आणि मेजरचा, म्हणजे उजळ स्वरमेळाचा उजेड येतो. आता गळा सोडा आणि खाली ऐका. ती जवळपास एकाच सुरावर बोलल्यासारखी गातेय आणि खरी चाल ऑर्केस्ट्राने घेतलीये. ती चाल तुम्ही आधी ऐकलेली आहे, म्हणजे पूर्ण ऑपेरा बघितला असेल तर. पहिल्या अंकात तोस्का चर्चमध्ये फुलं घेऊन मदोन्नाला वाहायला येते तेव्हा ऑर्केस्ट्रात हीच चाल वाजते. तेव्हा सगळं ठीक होतं, थोडीफार मत्सरी, प्रेमात पडलेली बाई होती आणि हातात फुलं होती. आता ती देवाला फुलांची आठवण करून देतेय आणि ऑर्केस्ट्रा म्हणतोय हो, वाहिली होतीस, मी होतो तिथे. साक्षीदारासारखा. हे मला तिसऱ्या-चौथ्या ऐकण्यात कळलं आणि पोह्यांचा लगदा झाला तो त्याच दिवशी.

शेवटाकडे 'पेर्के, पेर्के, सिन्योर' वर चढत जातं आणि सगळ्यात उंच सूर येतो तो 'सिन्योर' या शब्दावर. 'मी' वर नाही, 'दुःख' वर नाही, त्याच्या नावावर. आणि लगेच एक 'आह' येतो आणि तिथून आवाज खाली, खाली. नीट गाणाऱ्या बायका तो उंच सूर मारून झाल्यावर पुढचा सूर हळूहळू बारीक करत आणतात, आणि माझ्या मते खरा कस तिथेच लागतो, वरच्या सुरावर नाही. शेवटची ओळ जवळजवळ स्वतःशीच. असं फळ का देतोस.

हे सगळं तीन-साडेतीन मिनिटांत. पहिल्यांदा काहीच झालं नाही तर घाबरू नका. दिवसाला एकदा असं आठवडाभर ऐका. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात २०११ साली यावर प्रयोग झाला होता, लोकांना अंगावर काटा आणणारं त्यांच्याच आवडीचं संगीत ऐकवलं तर मेंदूत डोपामाइन नुसतं त्या जागेवर नाही तर ती जागा यायच्या *आधीपासूनच* सुटायला लागतं असं दिसलं. म्हणजे काटा यायला पुढे काय येणार आहे ते थोडं माहीत असावं लागतं. आपल्या आजोबांना हे प्रयोगशाळेशिवाय ठाऊक होतं, म्हणून तर तेच पद तीनतीनदा वन्स मोअर घ्यायचे.

## ६. आरिया संपली की बंद करू नका

इथे बहुतेक जण चुकतात, कारण यूट्यूबचे व्हिडिओ टाळ्यांवर संपतात.

ती एवढं विचारते, का रे देवा. आणि उत्तर कोण देतं? स्कार्पिया. पुढचाच शब्द त्याचा आहे, 'रिसोल्व्ही'. काय ते ठरव!

बस. आकाशातून काही येत नाही. मी आईला फोनवर हे सगळं ऐकवलं होतं, मराठीत सांगत सांगत, तिने शांतपणे ऐकलं आणि संपल्यावर विचारलं, "मग देव काय म्हणाला गं?" मी म्हटलं, "काही नाही गं आई, तो माणूस म्हणाला लवकर ठरव." त्यावर आई बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "खरंय बाई लिहिणाऱ्याचं." आणि मग म्हणाली, "परत लाव."

लोक या आरियाला प्रार्थना म्हणतात आणि मग त्यातून 'शांती' मिळेल अशी अपेक्षा करतात. मला नाही मिळाली शांती. मला मिळालं ते असं की जो प्रश्न आमच्या घरात कोणी मोठ्याने विचारला नव्हता तो कोणीतरी इतक्या सुंदर सुरात, पूर्ण दम लावून विचारला, आणि उत्तर आलं नाही तरी प्रश्न छोटा झाला नाही. अध्यात्म म्हणजे काय यावर मी बोलू नये, पण देवळात कधी कधी जे होतं ते मला इथे झालं.

बाय द वे, ही आरिया नाटक अडवून धरते असं पुढे खुद्द पुच्चिनीला वाटायला लागलं होतं म्हणतात. नशीब काढून नाही टाकली.

आता पुढचं वाचा. ती हो म्हणते, तो सुटकेचा कागद लिहायला बसतो, तिला जेवणाच्या टेबलावर सुरी दिसते. तो जवळ आला की ती सुरी त्याच्या छातीत खुपसते आणि म्हणते हे घे तोस्काचं चुंबन. आणि मग लगेच पळत नाही. दोन मेणबत्त्या उचलते, त्याच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना ठेवते, भिंतीवरचा क्रूस काढून त्याच्या छातीवर ठेवते. थोड्याच मिनिटांपूर्वी ज्या देवाला जाब विचारला त्याच्याच रीतीने त्या नीच माणसाला निरोप देते. यात गाणं काहीच नाही, नुसता ऑर्केस्ट्रा, पण आरिया ज्याने नीट ऐकलीये त्यालाच हे कळतं.

## ७. दुसरा आवाज

पंधरा दिवसांनी तीच आरिया लिओन्टीन प्राइसच्या आवाजात ऐका, १९६२ चं रेकॉर्डिंग, कंडक्टर कारायान, ऑर्केस्ट्रा व्हिएन्ना फिलहार्मोनिक. कॅलास प्रश्न विचारते, प्राइस प्रार्थना करते, असं माझं मत. एकच सूर, एकच शब्द आणि दोन वेगळ्या बायका. कोण श्रेष्ठ ते ठरवायच्या कमेंट वाचू नका, वेळ जातो.

बघायचंही असेल तर कॅलासचा १९६४ चा लंडनच्या कोव्हेंट गार्डन ऑपेरा हाऊसमधला 'तोस्का'चा दुसरा अंक कृष्णधवल चित्रित केलेला आहे, स्कार्पियाच्या कामात तितो गोब्बी. गोब्बी नुसता उभा राहतो तरी किळस येते, इतका चांगला.

## ८. पुढे काय ऐकायचं आणि कशाला फसायचं नाही

इटालियनचा कंटाळा आला तर पर्सेल या इंग्रज संगीतकाराने रचलेला डायडो राणीचा विलाप घ्या, सतराव्या शतकातला इंग्रजी ऑपेरा, त्यामुळे शब्द थेट कळतात. खाली एकच उतरती चाल पुन्हा पुन्हा फिरत राहते आणि वर राणी मरता मरता सांगते मला आठवा पण माझं नशीब विसरा. इंग्लंडमध्ये दर वर्षी युद्धातल्या मृतांच्या स्मरणदिनी लंडनला याची धून बँडवर वाजवतात.

हेंडेलची 'लाश्शा कियो पियांगा', १७११ ची, 'रिनाल्दो' मधली. मला रडू द्या, एवढंच मागणं. यात पहिला भाग शेवटी परत येतो आणि दुसऱ्यांदा गायक त्यात आपल्या हरकती घालतो. आपल्या कानाला हे लगेच पटतं, तुम्हाला वाटेल अरे ही तर जागा घेतली.

बेल्लिनीची 'कास्ता दिव्हा', १८३१, 'नॉर्मा' मधली. पुजारीण चंद्रदेवीला शांती मागते. संथ, लांबच लांब श्वासाची ओळ. गोष्ट आधी वाचा, कारण ही पुजारीण शत्रूच्या सेनापतीवर प्रेम करतेय आणि तिला त्याच्यापासून दोन मुलं आहेत हे तिच्या लोकांना माहीत नाही. शांती कोणासाठी मागतेय ते मग कळतं.

आता फसवणाऱ्या दोन. 'ओ मियो बाब्बिनो कारो' इतकी गोड आहे की लोक ती अंत्यसंस्कारालाही लावतात. प्रत्यक्षात ती एका विनोदी एकांकी ऑपेरातली आहे आणि मुलगी बापाला लाडीगोडी लावतेय की मला माझ्या प्रियकराशी लग्न करू दे नाहीतर पुलावरून नदीत उडी टाकते. गोड आहेच, पण डोळे मिटून ध्यान लावायची नाही. आणि 'नेस्सून दोर्मा', १९९० च्या फुटबॉल वर्ल्डकपनंतर गायक पाव्हारोत्तीमुळे घराघरात गेलेली. उत्तम आहे, पण शेवटचा उंच सूर लोक इतका ताणतात की बाकीची आरिया त्या सुराची वाट बघण्यातच जाते. पुच्चिनीने तो सूर क्षणभराचाच लिहिलाय. ही पहिली म्हणून घेऊ नका, पाचवी-सहावी म्हणून घ्या.

## ९. थिएटरात जायचं असेल तर

फुकटात घरबसल्या बघायला ऑपेराव्हिजन नावाची साईट आहे, युरोपातल्या वेगवेगळ्या ऑपेरा हाऊसचे पूर्ण प्रयोग सबटायटलसकट असतात. मुंबईत असाल तर एनसीपीए या कलाकेंद्राच्या कार्यक्रमांवर लक्ष ठेवा, तिथे मधूनमधून प्रयोग आणि न्यूयॉर्कच्या मेट ऑपेराचे चित्रित प्रयोगही लागलेत. गिरगावजवळचं रॉयल ऑपेरा हाऊस २०१६ ला पुन्हा सुरू झालं, इमारत बघायलाच जा, पण नावावर जाऊन रोज तिथे ऑपेरा असेल असं समजू नका.

व्हिएन्नाला आलात तर स्टेट ऑपेराची उभं राहायची तिकिटं बघा, शेकडो जागा आहेत आणि बसायच्या तिकिटाच्या मानाने फार स्वस्त. विकायचे नियम बदलत असतात, जायच्या आधी वेबसाईट बघा. इथली जुनी रीत अशी की आत गेल्यावर समोरच्या कठड्याला आपला स्कार्फ बांधायचा, ती तुमची जागा. मी पहिल्यांदा स्कार्फ विसरले होते, ओढणी बांधली, सांगलीच्या मारुती रोडवर घेतलेली लाल-हिरवी. तेव्हापासून तीच नेते.

तीन सूचना. एक, चप्पल-बूट आरामाचे. दोन, भाषांतराची स्क्रीन आरियाच्या वेळी बंद करा, शब्द तुम्हाला आता पाठ आहेत. तीन, मधेच 'वा!' म्हणू नका. आपल्याला मैफलीत जागेवर दाद द्यायची सवय, माझ्या तोंडून एकदा निघून गेलं आणि पुढची पूर्ण रांग वळून बघायला लागली. इथे श्वास रोखून गप्प राहायचं आणि आरिया संपल्यावर काय ते वाजवा. बाईला ब्राव्हा, पुरुषाला ब्राव्हो, सगळ्यांना मिळून ब्राव्ही.

आणि मेणबत्त्यांचा प्रसंग झाला, पडदा पडला, मध्यंतर झालं की डोळे पुसत बाहेर जा, पाणी प्या, पण ओढणीची गाठ सोडू नका. तिसरा अंक अर्ध्या तासाचाच आहे, आणि जागा गेली की गेली.